रुस्तमला दूध कोणी पाजलं?

रुस्तम-सोहराबची गोष्ट सांगायला घेतली की वर्ग गप्प होतो. बापलेकाची लढाई मुलांना आवडतेच. गेल्या वर्षी एका मुलीने मध्येच विचारलं, "मिस, रुस्तम इतना बड़ा था, तो पैदा कैसे हुआ?" मी म्हटलं, सीझर करून. सगळा वर्ग हसला.

मी गंमत करत नव्हते. फिरदौसीचा शाहनामा १०१० च्या सुमारास पुरा झाला, त्यात हे सविस्तर आहे. रुदाबाचं बाळ इतकं मोठं की बाळंतपण होईना. नवरा जाल सीमुर्ग पक्ष्याचं पीस जाळतो, पक्षी येतो आणि उपाय सांगतो. बाईला मद्य पाजून गुंगवा, कुशीला चीर द्या, बाळ काढा, जखम शिवा, वर जडीबुटीचा लेप लावा. एक मोबेद, म्हणजे पारशी धर्मगुरू, हे काम करतो. रुदाबा एक दिवस आणि एक रात्र झोपून राहते.

पुढे एक तपशील येतो आणि वाचणारे तो सहज ओलांडून जातात. रुस्तमला दहा दाया दूध पाजत. कवीला त्यातून पहिलवानाची भूक दाखवायची आहे. मला मात्र तिथे पोट शिवलेली, गुंगीतली बाई दिसते आणि शेजारी भुकेलं बाळ. कोणीतरी पाजणं भागच होतं.

मला तसं दिसण्याला कारण आहे. २००९ साली माझा थोरला पायाळू निघाला. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. माझ्या पोराला स्वतःचे मोजेही सापडत नाहीत. डॉक्टरांनी आधीच तारीख दिली. कमरेत इंजेक्शन, समोर हिरवा पडदा, मी पूर्ण जागी. रडणं ऐकू आलं, क्षणभर तोंड दाखवलं आणि बाळ बाहेर गेलं. माझ्या कुशीत आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या वेळात त्याला आधी मध, मग साखरेचं पाणी आणि शेवटी पावडरच्या डब्यातलं दूध दिलं गेलं होतं. सासूबाई मायेनेच म्हणाल्या, "सीझरवालियों को तीन दिन दूध नहीं उतरता, बेटा." नर्सचंही तेच म्हणणं. मी बीएड केलेली, बालमानसशास्त्राचा पेपर पास झालेली, मीही मान डोलावली. चौथ्या दिवशी छाती भरून आली तेव्हा बाळ बाटलीला सरावलं होतं, जवळ घेतलं की तोंड फिरवायचं. तीन महिन्यांत माझं दूध आटलं. पोरगा आज धडधाकट आहे, तक्रार त्याची नाही. "सीझरवालीला दूध नाही" हे आमच्या घरात आलं कुठून, हा प्रश्न मात्र मला सोडत नाही.

माझं उत्तर असं आहे. हजारो वर्षं सीझरच्या बाळाला आईच नसायची. पोट चिरलं जायचं ते बहुधा मेलेल्या बाईचं. हनफी फिकहच्या किताबांत मसला आहे की गरोदर बाई वारली आणि पोटात बाळ जिवंत असल्याची खात्री झाली, तर पोट चिरून बाळ काढावं. अल-बिरूनी रोमच्या कैसराची हकीकत देतो, तिथेही आई प्रसूतीतच मेलेली आहे. त्या ग्रंथाची १३०७ ची सचित्र प्रत एडिनबरो विद्यापीठात आहे आणि तिच्यात या प्रसंगाचं चित्र आहे. म्हणजे रुदाबा हा अपवाद, तोही पक्ष्याच्या कृपेने. गर्भाशय नीट शिवायची रीत जर्मनीत मॅक्स सेंगरने १८८२ मध्ये मांडली, त्यानंतर आया जगू लागल्या. पण पूर्ण भूल दिलेली असायची, त्यामुळे शुद्धीवर यायला आणि बाळ घ्यायला कितीतरी वेळ जायचा. आता बहुतेक ठरवलेल्या सीझरमध्ये कमरेखालचाच भाग बधिर करतात. आई जागी असते, बोलते, बाळाचं रडणं ऐकते. रीत मात्र त्या मेलेल्या आणि बेशुद्ध आयांच्या काळातलीच चालू राहिली.

शरीराला तर चाकूचा पत्ताही नसतो. वार बाहेर पडली की बाईच्या रक्तातले काही हार्मोन झपाट्याने उतरतात आणि दूध बनण्याचा इशारा मिळतो. वार खालून आली की पोटातून काढली, याने फरक पडत नाही. ठरवलेल्या सीझरमध्ये कळा आलेल्या नसतात, टाके दुखतात, म्हणून दूध भरून यायला थोडा उशीर होऊ शकतो, हे खरं. पण त्यावर इलाज म्हणजे बाळाला लवकर आणि वारंवार छातीला लावणं. आम्ही नेमकं उलट करतो. उशीर होणार म्हणून बाळ दूर ठेवतो, आणि दूर ठेवल्यामुळे आणखी उशीर होतो.

आणि "दूध नाही" म्हणतात त्या पहिल्या दिवशीही चीक असतो. पिवळसर, घट्ट, चमचाभर. बाळाचं पोटही तेवढंच इवलं असतं. गाय-म्हैस व्यायली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण शेजारी वाटतो, आणि बाईचा चीक कित्येक घरांत पिळून टाकत. यात फक्त आडाणीपणा नव्हता, मोठमोठ्या विद्वानांची साथ होती. सुश्रुताच्या मते दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं, तोवर बाळाला मध-तूप द्यावं. इब्न सिनाने आईच्या दुधाला सर्वांत उत्तम म्हटलं, पण सुरुवातीचे काही दिवस दुसऱ्या बाईने पाजावं असं सुचवलं. वैद्य आणि हकीम एकाच ठिकाणी चुकले.

पण त्या चुकीतही बाळाच्या तोंडी अखेर बाईचंच दूध जायचं. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना आधी सुवैबा आणि मग हलीमा सादिया यांनी पाजलं. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत पुरी दोन वर्षं पाजण्याची गोष्ट आहे, बापावर आईच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी आहे आणि दुसरीकडून पाजून घेतलं तर तिचा मोबदला चोख देण्याचा हुकूम आहे. अकबराच्या दरबारात तर दूधभावांचा, कोकांचा, एक गटच होता. अकबराने अधम खानाला १५६२ मध्ये गच्चीवरून खाली फेकवलं, त्या प्रकरणात मारणाराही दाईचा मुलगा आणि मेलेला शम्सुद्दीन अतगा दुसऱ्या दाईचा नवरा. दुधाची नाती राज्य हलवत होती. विसाव्या शतकात दाईची जागा डब्याने घेतली, आणि डब्याशी कोणाचं नातं लागत नाही.

सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. १९९२ चा कायदा आहे. बाळाच्या पावडरची जाहिरात करायची नाही, दवाखान्यात फुकट नमुने द्यायचे नाहीत. तरी आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशात ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. सीझर ८.५ वरून २१.५ टक्क्यांवर गेले, खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. आणि जन्मानंतर तासाभरात आईच्या छातीला लागलेली बाळं? ४१.८ टक्के. त्याआधीच्या पाहणीत ४१.६ होती. इतके दवाखाने वाढले आणि तो पहिला तास जिथल्या तिथे.

काही बाळांना दूर ठेवावंच लागतं, हेही खरं. कमी वजनाची, श्वासाला त्रास होणारी बाळं काचेच्या पेटीत जातात. भंडाऱ्यात हे सांगताना जीभ अडखळते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली, सात वाचली. त्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या बायका चौकशी समितीबद्दल फारसं बोलत नव्हत्या. एकच बोलत होत्या, त्या आयांच्या दुधाचं आता काय.

अशा आजारी, इवल्या बाळांसाठी मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. आपल्या समाजात तिच्याबद्दल संकोच आहे आणि तो खोटा नाही. दुधाने भावंडं ठरतात, त्यांचा निकाह होत नाही. हनफींमध्ये एकदा पाजलं तरी नातं लागतं, कोकणातले शाफई पाच वेळा मानतात. जेद्दाच्या फिकह अकादमीने १९८५ मध्ये अशा पेढ्यांना मनाई केली, तर यूसुफ करजावींनी परवानगी दिली. मला वाटतं, कोणाचं दूध कोणाला गेलं याची नोंद दोन्ही घरांकडे असली तर अडचण बरीचशी सुटते. आमच्या नानीच्या वेळी ती नोंद अख्ख्या गल्लीच्या तोंडपाठ असायची.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचं सीझर ठरलं होतं. मी आधीच डॉक्टरीणबाईंना भेटून आले, वहीत मुद्दे लिहून, मास्तरणीची खोड. त्या म्हणाल्या, "आम्ही तसंच करतो." टाके घालून होईतो बाळ भाचीच्या छातीवर होतं. खोलीत आणल्यावर सिस्टरने तिला कुशीवर वळवलं, पाठीला उशी, पोटाला गुंडाळलेला टॉवेल, आणि बाळ लावून दिलं. बाहेर तहनीकसाठी सासूबाई रुमालात खजूर घेऊन बसल्या होत्या. आत आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या.

"अभी से पी रहा?"

"चीक है, नानी."

त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि म्हणाल्या, "पीने दो. खजूर कहीं भागा नहीं जा रहा."