दीर्घकालीन मद्यपान : मेंदूतील रसायने आणि यकृतातील विकरे

वर्षानुवर्षे दररोज मद्य घेणाऱ्या व्यक्तीने ते एका दिवसात सोडून देण्याचा निश्चय केला, तर कुटुंबीयांना आनंद होणे स्वाभाविक आहे. मात्र वैद्यकीय देखरेखीशिवाय असे अचानक थांबणे जिवावर बेतू शकते. त्याचे कारण मनोबलाच्या अभावात नसून, मेंदूच्या आणि यकृताच्या बदललेल्या रासायनिक व्यवहारात आहे.

शरीरात गेलेल्या अल्कोहोलचे विघटन मुख्यतः यकृतात होते. अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, त्याचे ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर करते. ॲल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे दुसरे विकर त्यापासून तुलनेने निरुपद्रवी ॲसिटेट तयार करते. या कामाचा वेग जवळजवळ ठरलेला असतो. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीचे शरीर तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते. व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते. रात्री उशिरा घेतलेले मद्य सकाळीही रक्तात का सापडते, हे यावरून स्पष्ट व्हावे. लिंबूपाणी, कडक चहा किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

नित्य मद्यपान करणाऱ्यांच्या यकृतात आणखी एक यंत्रणा जोमाने काम करू लागते. अमेरिकेतील संशोधक चार्ल्स लीबर आणि लिओनोर डीकार्ली यांनी १९६८ मध्ये तिचे वर्णन केले. तिच्यातील प्रमुख विकर सायटोक्रोम पी-४५० २ई१ या नावाने ओळखले जाते. मद्याच्या सततच्या माऱ्याने त्याचे प्रमाण वाढते आणि पूर्वीइतक्या मद्याने नशा चढेनाशी होते. ‘मला चढत नाही’ हे अभिमानाने सांगितले जात असले, तरी वस्तुतः ते धोक्याचे लक्षण आहे. हेच विकर पॅरासिटामॉलच्या काही भागाचे यकृताला घातक अशा द्रव्यात रूपांतर करते. त्यामुळे अशा व्यक्तींनी डोकेदुखीसाठी या गोळ्या जास्त प्रमाणात घेणे धोक्याचे ठरते.

मेंदूतील बदल अधिक गुंतागुंतीचे आहेत. गाबा हे रसायन चेतापेशींना शांत करते, तर ग्लुटामेट त्यांना उत्तेजित करते. मद्य पहिल्याचा प्रभाव वाढवते व दुसऱ्याचा दाबून टाकते. गुंगी येते ती यामुळेच. हा दाब रोजचाच झाला की मेंदू प्रतिकाराची तजवीज करतो. गाबाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो आणि ग्लुटामेटचे संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहींची संख्या वाढते. या अवस्थेत मद्य एकाएकी बंद झाले, तर उत्तेजना अनावर होते. काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम, भास आणि तीव्र ज्वर यांनी युक्त असा उन्माद होतो. तो उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकतो. रुग्णालयात गाबाचा प्रभाव वाढवणारी औषधे देऊन ती क्रमाने कमी केली जातात.

थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्वाची उणीव हा याच विषयाचा दुसरा पैलू आहे. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवून देणाऱ्या मेंदूतील काही विकरांचे काम थायमिनवाचून अडते. अपुरा आहार आणि मद्यामुळे मंदावलेले शोषण यांतून ही उणीव उद्भवते. त्यातून होणाऱ्या विकाराचे वर्णन कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये केले होते. गोंधळलेली मनःस्थिती, डोळ्यांच्या हालचालींतील दोष आणि तोल जाणे ही त्याची लक्षणे होत. वेळीच थायमिनचे इंजेक्शन मिळाले, तर सुधारणा शक्य असते. विलंब झाल्यास स्मरणशक्ती कायमची बाधित होऊ शकते.

मद्यमुक्तीसाठी १९४८ पासून ज्ञात असलेले डायसल्फिराम हे औषध ॲल्डिहाइड डिहायड्रोजनेजचे कार्य रोखते. ते घेतल्यावर मद्यपान केल्यास ॲसिटाल्डिहाइड साचते. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडते व रक्तदाब घसरू शकतो. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून काही कुटुंबे या गोळ्या अन्नात मिसळतात. हा प्रकार अत्यंत धोकादायक आहे. आपण काय घेतले आहे हे ठाऊक नसलेला माणूस नेहमीप्रमाणे मद्य घेतो आणि हृदयविकार असल्यास ते त्याच्या प्राणाशी येते. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच देणे आवश्यक आहे.

व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शनासाठी केंद्र सरकारची १४४४६ या क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.