चाल जुनी, पद नवे : ‘डूम’ खेळाची संपूर्ण रूपांतरे

संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके चाळताना पदांच्या डोक्यावर एक छोटी ओळ दिसते. ‘चाल’ असे लिहून पुढे एखाद्या लावणीचे, कीर्तनातल्या रचनेचे किंवा दुसऱ्या पदाचे पहिले शब्द दिलेले असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, ‘सौभद्र’ १८८२ साली. त्या काळच्या नाटककाराला ही ओळ छापण्यात कमीपणा वाटत नव्हता. चाल लोकांच्या कानात आधीच बसलेली असे. प्रसंग, पात्रे आणि शब्द नवे असत. चाल कुणाची हे सांगून टाकले की पद कुणाचे, याविषयी शंका उरत नसे.

या ओळीची आठवण एका अगदी वेगळ्या कारागिरीचा इतिहास पाहताना होते. संगणकावरचा एखादा खेळ घ्यायचा, त्याचे इंजिन तसेच ठेवायचे आणि चित्रे, आवाज, जागा, शत्रू, हत्यारे, गोष्ट असे बाकीचे सारे बदलून टाकायचे. खेळणाऱ्यांच्या जगात याला ‘टोटल कन्व्हर्जन’ म्हणतात. आपण संपूर्ण रूपांतर म्हणू. हे काम बहुतेक वेळा खेळाचे चाहते करतात, फावल्या वेळात आणि बिनपैशाने. त्याची सर्वांत लांब आणि सर्वांत चांगली नोंदली गेलेली परंपरा ‘डूम’ या खेळाभोवती उभी राहिली आहे.

‘डूम’ १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झाला. टेक्सासमधल्या ‘इड सॉफ्टवेअर’ या लहानशा कंपनीचा हा खेळ. हातातले हत्यार तेवढे पडद्यावर दिसते, बाकी सारे खेळणाऱ्याच्याच डोळ्यांनी पाहायचे, अशा खेळांचा तो आद्य नमुना मानला जातो. त्याचे तीन भाग होते. पहिला भाग फुकट वाटला गेला. पुढचे दोन हवे असतील तर पैसे भरायचे. तो चालायला ३८६ जातीचा संगणक आणि चार मेगाबाइट स्मृती पुरे होत असे.

या खेळाच्या रचनेत एक निर्णय फार महत्त्वाचा ठरला. मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी इंजिन आणि सामान वेगवेगळ्या फायलींत ठेवले. गिरणीचे इंजिन वर ज्वारी पडली की गहू हे पाहत नाही, तसे हे इंजिन. नकाशे, भिंतींचे रंग, राक्षसांची चित्रे, आवाज, संगीत हे सारे ‘वॅड’ नावाच्या फायलीत होते. ‘सगळी माहिती कुठे आहे?’ अशा अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाच्या आद्याक्षरांतून हे नाव आले. कुणी स्वतःची छोटी वॅड फाइल करून दिली, तर इंजिन मूळ सामानाऐवजी तिच्यातले सामान उचलत असे. मूळ फाइल खरवडावी लागत नसे.

हे आपोआप घडले नव्हते. कंपनीचा आधीचा खेळ ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ लोकांनी आतून उकलून त्यातली चित्रे बदलली होती. कुणी तर शेवटच्या खलनायकाच्या जागी लहान मुलांच्या कार्यक्रमातला जांभळा डायनासोर बसवला होता. ते पाहून कारमॅक यांनी पुढच्या खेळाचे दारच उघडे ठेवले. कंपनीतल्या काहींना ते धोक्याचे वाटले. मग एक अट पुढे आली : बदललेले सामान पैसे भरून घेतलेल्या खेळावरच चालावे, फुकट भागावर नाही. ही अट साधीच, पण तिने मूळ कर्त्याचा धंदा राखला आणि नव्या कर्त्याचा रस्ताही.

खेळ आल्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोवर नकाशे बनवण्याचे साधन तयार झाले. जानेवारी १९९४ मध्ये ‘डीईयू’ हा संपादक प्रोग्राम निघाला. न्यूझीलंडचा ब्रेंडन वायबर आणि बेल्जियमचा राफाएल किने ही त्यामागची प्रमुख नावे. त्याच वर्षी ग्रेग लुईस यांचा ‘डीहॅकएड’ आला. राक्षस किती वेगाने धावतो, गोळी किती इजा करते, असे इंजिनाच्या पोटातले आकडे त्यातून बदलता येऊ लागले.

पण इथेच या कलेची खरी अट लक्षात येते. डीहॅकएडने आकडे बदलता येत, नवे खाते उघडता येत नसे. नवा राक्षस हवा तर जुन्याच एखाद्या राक्षसाच्या जागी त्याला बसवावे लागे. त्याची चाल, त्याचा हल्ला, त्याचे मरण, सारे मूळ इंजिनाने ठरवून दिलेल्या चौकटींत मावले पाहिजे. पडद्यावरचा मजकूर बदलायचा असेल तर नवे वाक्य जुन्याला दिलेल्या जागेपेक्षा लांब असून चालत नसे. मात्रा मोजून पद रचणाऱ्याला ही अडचण नवी नाही. चाल घेतली की तिचे वजनही घ्यावे लागते.

अशा बंधनांत केलेले पहिले गाजलेले संपूर्ण रूपांतर म्हणजे जस्टिन फिशर यांचे ‘एलियन्स टीसी’, नोव्हेंबर १९९४ चे. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८६ च्या चित्रपटाचे जग त्यांनी डूमच्या इंजिनात बसवले. त्यात सर्वांत लक्षात राहणारी जागा म्हणजे पहिला टप्पा. डूममध्ये दार उघडले की गोळीबार सुरू होतो; इथे पहिल्या टप्प्यात शत्रूच नाही. खेळणारा रिकाम्या, उद्ध्वस्त खोल्यांतून फिरतो आणि काही तरी येईल म्हणून थांबतो. इंजिन पळापळीसाठी बनवलेले होते. फिशर यांनी त्यातून शांतता काढली. द्रुत लयीच्या चालीवर कुणी विलंबितातले पद बसवावे, तसा हा प्रकार.

या रूपांतराची दुसरी बाजू कायद्याची होती. डूमची मूळ फाइल नव्या चित्रांसह वाटणे म्हणजे दुसऱ्याचा माल वाटणे. म्हणून नवी चित्रे वेगळी दिली जात आणि ती खेळणाऱ्याच्या स्वतःच्या प्रतीत मिसळून देणारे छोटे साधन सोबत असे. मूळ खेळ विकत घेतलेला असल्याशिवाय रूपांतर उभेच राहत नसे. चित्रपटाच्या मालकांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. १९९७ साली ‘क्वेक’ या पुढच्या खेळावर याच चित्रपटांचे एक रूपांतर चालू असताना फॉक्स कंपनीने ते बंद पाडले. तेव्हापासून चाहत्यांचे काम असे थांबले की ते ‘फॉक्स झाले’ म्हणण्याचा प्रघात पडला.

१९९६ च्या सुमारास एकाच इंजिनातून दोन परस्परविरोधी रूपे निघाली. ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. जवान घडवायला मैदान, शिस्त आणि सराव किती लागतो, हे लातूर-नांदेड रस्त्यावरच्या या गावाला नव्याने सांगायला नको. अमेरिकेच्या मरीन दलातल्या काहींना मात्र वाटले की सरावाचा एक तुकडा संगणकावरही होऊ शकेल. लेफ्टनंट स्कॉट बार्नेट आणि सार्जंट डॅनिएल स्नायडर यांनी ‘डूम २’ चे ‘मरीन डूम’ केले. राक्षस गेले, त्यांच्या जागी सैनिक आले. त्यांची चित्रे खेळण्यातल्या बाहुल्यांवरून घेतली होती. चार जणांची तुकडी चार जोडलेल्या संगणकांवर बसे. नेम धरायला शिकवणे हा उद्देश नव्हता. एकमेकांशी बोलणे, एकाने आडोसा देणे आणि दुसऱ्याने पुढे सरकणे, गोळ्या जपून वापरणे याचा तो सराव होता. १९९७ साली मरीन दलाचे प्रमुख जनरल क्रुलाक यांनी असे संगणकी खेळ वापरायला अधिकृत परवानगी दिली.

त्याच सुमारास, १९९६ मध्येच, न्याहारीच्या ‘चेक्स’ या धान्यपदार्थाच्या खोक्यात एक सीडी मिळू लागली. तिच्यावर ‘चेक्स क्वेस्ट’ होता. इंजिन डूमचेच, पण प्रेक्षक लहान मुले. इथे कुणी मरत नाही. नायकाच्या हातातले यंत्र चिकट परग्रहवासीयांना त्यांच्या जगात परत पाठवते. आतला हिशेब मात्र तोच : नेम धरा, कळ दाबा, समोरचा नाहीसा होईल. त्या नाहीसे होण्याला काय म्हणायचे एवढे बदलले, आणि तेवढ्याने खेळ लहान मुलांच्या टेबलावर ठेवण्याजोगा झाला.

दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. रूपांतर करणाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : शत्रूच्या रिकाम्या जागी मी कुणाला उभे करणार? मूळ खेळात तिथे नरकातले राक्षस होते, म्हणून प्रश्न झाकलेला होता. चित्रे काढून टाकली की ती जागा उघडी पडते. तंत्राच्या दृष्टीने तिथे कुणालाही उभे करता येते. म्हणूनच ही निवड तंत्राची राहत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न तमाशाच्या साच्याने विचारला होता. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा घाट घेतला आणि आतला मजकूर बदलला. पुढे आंबेडकरी जलशांनी तोच रस्ता रुंद केला. अण्णाभाऊ साठ्यांनी गणातले नमन गणपतीकडून मातृभूमीकडे आणि हुतात्म्यांकडे वळवले. ढोलकी तीच, फडही तोच. वंदन कुणाला करायचे आणि हसायचे कुणाला, हे बदलले. यातले काम केवळ ‘नक्कल’ म्हणून बाजूला सारले, तर महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा मोठा भाग बाजूला सारावा लागेल. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. तीही आपल्याला परकी वाटत नाहीत.

चाहत्यांच्या या कामातून पुढे धंदेही उभे राहिले. चिलीमधल्या काही तरुणांनी १९९९ मध्ये ‘बॅटमन डूम’ केले. तीच मंडळी ‘एस टीम’ या नावाने व्यावसायिक खेळ बनवू लागली आणि २००९ मध्ये त्यांचा ‘झेनो क्लॅश’ आला. १९९९ मध्येच ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्या खेळावर मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला. पुढच्याच वर्षी मूळ कंपनीने तो स्वतःचा म्हणून बाजारात आणला. भारतातल्या सायबर कॅफेंत एकेकाळी तरुण मुले तासावर पैसे देऊन जो खेळ एकमेकांविरुद्ध खेळत बसत, तो जन्माने चाहत्यांचे रूपांतर होता हे खेळणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल. उलट ‘हॅक्स’ हे रूपांतर १९९७ मध्ये विकायला काढले, ते फारसे खपले नाही आणि शेवटी फुकट द्यावे लागले. प्रत्येक कारागिराला बाजार पावतो असे नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये डूमच्या इंजिनाची मूळ संहिता प्रसिद्ध झाली आणि १९९९ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली. आता जुन्या राक्षसाच्या जागेत नव्याला कोंबण्याची सक्ती उरली नाही. इंजिनच वाढवता येऊ लागले. पण एक पेच राहिला. इंजिन मोकळे झाले तरी चित्रे, आवाज, नकाशे कंपनीचेच होते. त्यातून ‘फ्रीडूम’ जन्माला आला. २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या या उपक्रमात अनेकांनी मिळून प्रत्येक चित्र, प्रत्येक आवाज, प्रत्येक नकाशा नव्याने केला आणि सगळ्यांना मोफत दिला. नवे काही सांगण्याची हौस त्यामागे नव्हती. पुढच्या माणसाला कुणाची परवानगी मागावी लागू नये एवढाच हेतू. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत उदार रूपांतर हेच.

त्यानंतर बंधन सुटलेली रूपांतरे आली. २०१८ या एकाच वर्षी ‘अ‍ॅशेस २०६३’ ने उजाड झालेल्या भविष्यातले शहर रंगवले, ‘रेकर’ ने उत्तरेतल्या व्हायकिंगांची गोष्ट सांगितली आणि ‘टोटल केऑस’ ने जुन्या इंजिनातून इतके नवे रूप काढले की त्याचे मूळ ओळखू येईना. यातले ‘रेकर’ मला अधिक आवडते, कारण त्याने मूळ इंजिनाच्या मर्यादा बऱ्याच अंशी स्वखुशीने पाळल्या. मोकळीक मिळाल्यावरही वृत्तात लिहिणाऱ्या कवीचा तो हट्ट आहे.

या परंपरेची एक सवय आवर्जून नोंदवावी अशी आहे. डूमची रूपांतरे जिथे साठवली जातात त्या संग्रहात प्रत्येक फायलीसोबत एक साधा मजकूर द्यावा लागतो. कर्ता कोण, आधार कोणता, कुणाचे काय घेतले, कुठली साधने वापरली, किती वेळ लागला, माहीत असलेले दोष कोणते, आणि पुढच्या माणसाला हे वापरायची मुभा आहे की नाही. तीस वर्षांपूर्वी एखाद्या विद्यार्थ्याने रात्री जागून केलेला नकाशा आज कुणाचा आणि कशावरून केलेला हे कळते, ते या कागदामुळे. पदाच्या डोक्यावरची ‘चाल’ ही ओळ हेच काम करत होती. आपल्याकडच्या कितीतरी लोकरचना कर्त्याच्या नावाशिवाय फिरतात. अशी एक ओळ जपली गेली असती तर शाहिरांच्या वंशजांना आज पुरावे शोधत फिरावे लागले नसते.

फ्रीडूम आणि मोकळे इंजिन हाताशी असल्यावर संपूर्ण रूपांतराला आज भांडवल जवळजवळ लागत नाही. शाळेच्या संगणकखोलीत धूळ खात पडलेले यंत्रही चालेल. कंधारचा किल्ला घ्या. त्याचा रुंद खंदक आणि उंच तटबंदी डूमच्या नकाशात सहज बसतील, कारण त्या नकाशाचा पाया जमिनीची उंची आणि छताची उंची हाच आहे. अडचण येईल ती खंदकावरच्या पुलाशी. मूळ रचनेत एकाच जागी वर एक आणि खाली एक अशा दोन जमिनी मावत नाहीत, त्यामुळे पुलावरून आणि पुलाखालून दोन्हीकडून जाता येत नाही. मुलांना ही अडचण सोडवायला आवडेल. त्यानंतर दुसरी, अधिक अवघड अडचण समोर येईल : तटावर शत्रू म्हणून कुणाला उभे करायचे? त्या उत्तरावर वर्गात वाद झाला पाहिजे, आणि तो मराठीत झाला पाहिजे.