पुण्याच्या उकिरड्यावरून देशभर

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले एक तण विसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्याच्या उकिरड्यांवर दिसू लागले. पाने गाजरासारखी, शेंड्यांना बारीक पांढरी फुले. १९५६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची रीतसर नोंद केली: पार्थेनियम हिस्टेरोफोरस. लोकांनी त्याला गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी नावे दिली.

हे तण अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ कायद्याखाली भारताशी झालेल्या धान्य करारातल्या गव्हातून आले, असे आजही सांगितले जाते. तारखा त्याला दुजोरा देत नाहीत. तो करार ऑगस्ट १९५६ मधला, आणि तण त्याआधीच पुण्यात रुजले होते. अमेरिकेने १९५१ मध्येही धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. त्यामुळे आयात धान्यातून बी आले असण्याची शक्यता उरते, पण सगळा दोष एका कराराच्या माथी मारता येत नाही.

पुढचा पसारा वाढला तो आपल्याच हालचालींमुळे. एका झाडाला हजारो बिया येतात. उगवल्यापासून महिनाभरात ते फुलू लागते. हलके बी वारा, पाणी, वाळूचे ट्रक आणि शेणखत यांच्याबरोबर गावोगाव पोहोचले. रस्त्याच्या कडा, रेल्वेचे रूळ, पडीक राने त्याने व्यापली.

सर्वांत मोठी किंमत मोजली माळरानांनी. अतिचराईने उघड्या पडलेल्या जमिनीत ते आधी शिरते. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या बियांची उगवण रोखते. मग मारवेल, कुसळी यांसारखी गवते मागे हटतात आणि मेंढपाळांचा चारा घटतो. जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत; भुकेपोटी खाल्लेच, तर दूध कडवट होते.

माणसेही सुटली नाहीत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या झाडाच्या संपर्काने होणाऱ्या त्वचादाहाची नोंद केली. १९७५ मध्ये कर्नाटकाने कायद्याने ते उपद्रवी तण ठरवले. १९८३ मध्ये त्याचा नैसर्गिक शत्रू, मेक्सिकन भुंगा, बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षी सोडला गेला. पावसाळ्यात हे भुंगे पानांचा फडशा पाडतात. उन्हाळ्यात मात्र ते जमिनीत दडून राहतात, आणि जिथे ओल असते तिथे तण फुलतच राहते. म्हणून एकट्या भुंग्यावर विसंबून चालत नाही.

टाकळा म्हणजे तरोटा दाट उगवला की गाजर गवत दबते, हा अनुभव महाराष्ट्रात आहे. तेव्हा पावसाच्या तोंडावर पडीक जागी टाकळ्याचे बी टाकावे, आणि ओल असतानाच हातमोजे घालून हे तण मुळासकट उपटावे. फुले येण्याआधी उपटावे, कारण बी जमिनीत पडले की ते काही वर्षे जिवंत राहते. ग्रामपंचायतींनी हे काम दर पावसाळ्यात हाती घ्यावे.