केसपेपरचा इतिहास: नंबर आला, नोंद कुठंय?

ज्यांना एसटीत किंवा लेक्चरला बसून ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग इथं लिहून देतोय.

आजचा विषय तुमच्या मोबाइलमध्येच आहे. आभा, म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. चौदा आकडी नंबर. कोविडची लस घेताना आधार दाखवलं होतं ना? कित्येकांचा हा नंबर तेव्हाच तयार झाला, आणि त्यातल्या अनेकांना ते आजही माहीत नाही. फेब्रुवारी 2025 पर्यंत देशात अशी 73 कोटींहून जास्त खाती झाली होती. त्यांना जोडलेल्या आरोग्याच्या नोंदी मात्र 49 कोटींच्या आसपास. म्हणजे सरासरी काढली, तर एका खात्यामागे एक नोंदसुद्धा नाही. हे असं का झालं, ते बघायला थोडं मागं जाऊ.

सरकार आपल्या तब्येतीची नोंद फार पूर्वीपासून ठेवतंय. प्रश्न एवढाच, की कुणासाठी? जन्म-मृत्यूची नोंद, लसीकरणाचं रजिस्टर, गरोदर मातांचं रजिस्टर. माझी आत्या उपकेंद्रात एएनएम होती. संध्याकाळी चहा बाजूला ठेवून ती रजिस्टरं घेऊन बसायची. महिन्याच्या शेवटी त्यातून अहवाल वर जायचा: इतक्या माता तपासल्या, इतकी बाळं टोचली. वर पोचायचे ते आकडे. आई आणि बाळ वहीतच राहायचे.

2009 मध्ये केंद्रानं माता आणि बालकांचा नावानिशी माग ठेवणारी यंत्रणा सुरू केली, एमसीटीएस. कल्पना चांगली होती. प्रत्येक आईचं नाव कॉम्प्युटरवर येणार, कुणाचा डोस राहिला ते कळणार. पण वही काही बंद झाली नाही. आधी वहीत लिहा, मग तेच कॉम्प्युटरवर भरा. टोचायला लागायचा त्यापेक्षा जास्त वेळ लिहायला लागतो, ही आत्याची कायमची तक्रार. या वाढलेल्या कामाचा हिशेब कुठल्याच आराखड्यात नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मोठा आराखडा. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी कशा असाव्यात याची मानकं केंद्रानं 2013 मध्ये काढली, 2016 मध्ये सुधारली. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात डिजिटल आरोग्यासाठी वेगळ्या प्राधिकरणाची कल्पना आली. 2018 मध्ये नीती आयोगानं ‘नॅशनल हेल्थ स्टॅक’ मांडला, 2019 मध्ये जे. सत्यनारायण समितीची ब्लूप्रिंट आली. 15 ऑगस्ट 2020 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि 27 सप्टेंबर 2021 ला योजना देशभर गेली. नाव पडलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन.

आणि पैसे? फेब्रुवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळानं पाच वर्षांसाठी 1,600 कोटी रुपये मंजूर केले. ऐकायला मोठा आकडा. पण वर्षाला 320 कोटी, आणि आपण 140 कोटी माणसं. माणशी वर्षाला सव्वादोन रुपये पडले, त्यात कटिंग चहाही येत नाही. त्यातही 2022-23 ला 200 कोटी ठेवले होते, ते सुधारित अंदाजात 140 कोटींवर आले.

सव्वादोन रुपयांत काय होतं? नंबर होतो. डॉक्टरांची यादी होते, दवाखान्यांची यादी होते, एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर होतं. थोडक्यात, रस्ता होतो. कारण या रचनेत तुमची फाइल दिल्लीतल्या एखाद्या मोठ्या कपाटात नसतेच. ती जिथं तयार झाली त्या दवाखान्यातच राहते. तुम्ही संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला दिसते. विचार शहाणपणाचा आहे. पण दवाखान्यातच नोंद कॉम्प्युटरवर नसेल, तर रस्त्यावरून येणार काय?

हे नुसतं कागदावरचं दुखणं नाही, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये इर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागातले माझे मामा-मामी अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडे माधवनगरला आले. मामांना शुगर, बीपी, आणि दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. फाइल राहिली खालच्या कपाटात, पाण्याखाली. इथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? मामा म्हणाले, एक पांढरी, एक गुलाबी, सकाळी अर्धी. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे की बंद केली, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी पुण्याच्या मामेबहिणीच्या व्हॉट्सॲपवर जुन्या चिठ्ठीचा एक धूसर फोटो निघाला, त्यावर भागलं. सगळ्यांच्या घरात असा फोटो असतोच असं नाही.

बाहेरच्या देशांनी काय केलं? ब्रिटननं 2002 मध्ये सगळ्या देशासाठी वरून एकच मोठा कार्यक्रम आखला. अब्जावधी पौंड घातले, आणि 2011 मध्ये तो मोडीत काढायची घोषणा केली. अमेरिकेनं 2009 च्या हायटेक कायद्यानं दुसरी वाट धरली: सुमारे 27 अब्ज डॉलर, पण मशिन घेतलं म्हणून नव्हे, नोंदी खरोखर वापरून दाखवल्या तरच. 2008 मध्ये तिथल्या दहा टक्क्यांहून कमी रुग्णालयांत साधी प्रणाली होती, 2015 पर्यंत पाचातल्या चारांपेक्षा जास्त ठिकाणी आली. तोटेही झाले. डॉक्टर पेशंटपेक्षा स्क्रीनकडे जास्त बघायला लागले. पण नोंदी झाल्या, कारण लिहिणाऱ्याला पैसे मिळाले.

आपल्याकडे ही अक्कल 2023 मध्ये आली. डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह स्कीममध्ये ठरलेल्या संख्येच्या पुढच्या प्रत्येक नोंदीमागे रुग्णालयाला 20 रुपये. पाऊल बरोबर दिशेनं आहे. फक्त पहिल्या आराखड्यात रुग्णालय दहा खाटांचं तरी हवं होतं. आता तुमच्या गल्लीतले डॉक्टर आठवा. एक टेबल, एक कंपाउंडर, बाहेर बाकावर वीस माणसं. आपल्यातले बहुतेक जण आधी तिथंच जातात.

पैसे सातत्यानं लागतात, हेही आपण बघितलंय. जुलै 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खासगी कंपनीची प्रणाली करार थांबल्यावर बंद पडली, आणि पुन्हा कागदी केसपेपर आले. त्याच नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तिथंही आठवडा उलटून गेला तरी काम हातानं चाललं होतं. आरोग्याच्या माहितीसाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा 2018 मध्ये आला होता, तो कायदा झाला नाही. सर्वसाधारण डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला. म्हणजे सुरक्षा हीसुद्धा दरवर्षी पैसे मागणारी गोष्ट आहे, एकदा उद्घाटन करून संपणारी नाही.

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. नंबर देणं स्वस्त असतं, नोंद लिहिणं महाग. उपकेंद्रातली एएनएम असो, नाहीतर गल्लीतला कंपाउंडर, त्यांच्या अर्ध्या तासाची किंमत जोवर बजेटमध्ये दिसत नाही, तोवर खाती वाढतील आणि आतली पानं कोरी राहतील.

तेवढं होईपर्यंत एक करा. आभा काढणं ऐच्छिक आहे. काढलं असेल, तर पुढच्या वेळी ओपीडीच्या खिडकीवर क्यूआर स्कॅन करून झालं की थांबा आणि विचारा: टोकन मिळालं, पण माझा रिपोर्ट खात्याला जोडणार का? काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू.