गटात बसून खोटंच बोलावं लागलं, तर दारू सुटणार कशी?

व्यसनमुक्तीच्या बातम्या आमच्या तालुक्याच्या पानावर वर्षातून तीनदा हमखास लागतात. २६ जूनला, गांधी जयंतीच्या सप्ताहात आणि ३१ डिसेंबरला. प्रभातफेरी, शपथ, पाहुण्यांचं भाषण, ग्रुप फोटो. वीसेक वर्षं मीही तेच छापत आलोय.

मागच्या २६ जूनला असाच एक कार्यक्रम उरकून गाडीला किक मारत होतो, तेवढ्यात तिशीतला एक पोरगा जवळ आला. दोनदा केंद्रात राहून आलेला आणि दोन्ही वेळा परत प्यायला लागलेला. म्हणाला, "दादा, तिथं गटात बसवतात. सगळे मन मोकळं करतात. कोणी बायकोला मारलं ते सांगतो, कोणी पोरीचे पैंजण विकले ते सांगतो. माझी पाळी आली की मी प्रेमभंगाची एक गोष्ट सांगायचो. मुलीचं नावपण ठरवून ठेवलं होतं. खरं तर तो मुलगा होता. ते कसं सांगणार?"

नाव-गाव कुठे येणार नाही असा शब्द दिलाय, तो पाळतोय. पण तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. या पोराचा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. जरा लांबलंय, पण वेळ काढून वाचा.

सुरुवातीला डॉक्टरांनीच घोळ घातला. १९०८ मध्ये कार्ल अब्राहम या जर्मन मनोविश्लेषकाने दारू आणि दडपलेली समलैंगिकता यांचा संबंध जोडला. पुरुष गुत्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडतात, त्यामागे हेच दडलेलं असतं, असा साधारण तर्क. पुढे कित्येक वर्षं हा विचार चालला. म्हणजे माणूस पितो का, तर तो आतून 'तसा' आहे म्हणून. त्याला 'तसं' असण्याची भीती कोणी घातली, हे कोणी विचारलं नाही.

मग इलाजही एकच झाला. आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतीवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती असतात ना, तसलाच प्रकार तिकडे दवाखान्यात चालायचा. दारू पाजायची, सोबत उलटीचं औषध द्यायचं, म्हणजे पुढे वासानेही मळमळेल. त्यातलं एक औषध होतं अपोमॉर्फिन. तेच औषध पुढे ब्रिटनमध्ये समलिंगी पुरुषांना टोचलं गेलं. फक्त बाटलीच्या जागी पुरुषांचे फोटो आले. १९६२ मध्ये बिली क्लेग-हिल नावाचा २९ वर्षांचा लष्करी कॅप्टन अशा सक्तीच्या 'उपचारात' लष्करी रुग्णालयात मेला. त्या वेळी नैसर्गिक मृत्यू अशी नोंद झाली. अपोमॉर्फिनने जीव घेतला, हे बाहेर यायला कित्येक वर्षं गेली.

आता दुसरी बाजू बघा. समलिंगी पुरुष भेटणार कुठे? घरात नाही, देवळात नाही, चौकात नाही. अमेरिकेत त्यांना उरला बार. तिथेही ग्राहक समलिंगी आहे असं कळलं तर पेय नाकारायचे. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'ज्युलियस' बारमध्ये काही कार्यकर्ते मुद्दाम गेले, आम्ही समलिंगी आहोत असं सांगून ड्रिंक मागितलं आणि नकार मिळाल्यावर तो जगजाहीर केला. तीन वर्षांनी, २८ जून १९६९ ला ज्या 'स्टोनवॉल इन'मध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध दंगल झाली, तोही बारच. माफियाचा, बिनपरवान्याचा. ज्या चळवळीचा जन्मच बारमध्ये झाला, तिथे 'मी दारू सोडली' म्हणणारा माणूस एका फटक्यात मित्र, जोडीदार, ओळख सगळ्यालाच मुकतो. आपल्या पोरांना सांगतो तसं 'संगत सोड' म्हणणं सोपं असतं. एकच संगत असेल तर सोडून जायचं कुठे?

यात एक दार मात्र लवकर किलकिलं झालं. १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं. दारुड्यांनी दारुड्यांना सांभाळायचं, डॉक्टर नाही, फी नाही. संस्थेत सांगितली जाणारी गोष्ट अशी की, अगदी सुरुवातीच्या दिवसांत एक माणूस आला आणि म्हणाला, माझ्यावर दारूपेक्षाही मोठा कलंक आहे, मला घ्याल का? जुने सभासद घाबरले, संस्थेची बदनामी होईल म्हणाले. शेवटी त्याला घेतलं. अशाच अनुभवांतून पुढे नियम पक्का झाला की, सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. तो माणूस समलिंगी होता, हे संस्थापक बिल विल्सन यांनी पुस्तकात आडूनच लिहिलं, उघड बोलले बऱ्याच वर्षांनी.

कागदावर दार उघडलं, पण खोलीत बसल्यावर तेच. सगळे बायकोबद्दल बोलतात, हा गप्प. म्हणून १९६० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी सभासदांनी आपल्या वेगळ्या मिटिंगा सुरू केल्या. संस्थेच्या अधिकृत यादीत अशा गटांची नोंद करायची का, यावर घमासान वाद झाला आणि १९७४ च्या परिषदेत होकार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती. या दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या, हे विसरू नका. जोवर माणूसच आजारी ठरतो, तोवर त्याच्या आजाराकडे कोण बघणार?

१९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका पाहणीतून आकडा आला की, समलिंगींपैकी जवळपास एक तृतीयांश लोक दारूच्या विळख्यात आहेत. तो आकडा वर्षानुवर्षं फिरला. पण माहिती गोळा केली होती मुख्यतः बारमध्ये! गुत्त्यात उभं राहून गावाची पाहणी केली तर अख्खं गाव दारुडंच निघेल. नंतरच्या नीट केलेल्या पाहण्यांत प्रमाण इतकं भयंकर नव्हतं, तरी इतरांपेक्षा जास्त होतंच. आम्हा पत्रकारांनाही यात धडा आहे.

१९८६ मध्ये मिनेसोटात 'प्राइड इन्स्टिट्यूट' हे खास समलिंगींसाठीचं निवासी व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. योगायोग बघा, त्याच वर्षी २९ ऑगस्टला पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांचं 'मुक्तांगण' सुरू झालं. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे आणि त्याला जिव्हाळ्याने बरं करता येतं, हे महाराष्ट्राला या कामाने शिकवलं.

पुढे दारूबरोबर मेथ आलं. लॉस एंजेलिसमध्ये स्टीव्ह शॉपटॉ यांच्या चमूने १६२ समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांवर चार प्रकारचे उपचार ताडून पाहिले. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले. लघवीची तपासणी स्वच्छ आली की बक्षिसाचं व्हाउचर, हा साधा उपाय उपचार सुरू असताना चांगला चालला. त्यांच्या आयुष्याला धरून केलेल्या समुपदेशनाने धोक्याचे शरीरसंबंध लवकर कमी झाले. वर्षभराने मात्र उपचारांमधला फरक बराचसा पुसला गेला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. जादूची कांडी कोणाकडेच नाही.

२०१५ मध्ये जॉन पाचँकिस यांनी ६३ तरुणांवर दहा सत्रांचा प्रयोग केला. सत्रांचा विषय थेट लाज, लपवाछपवी आणि नाकारलं जाण्याची भीती. निराशा कमी झाली आणि पिणंही कमी झालं. आमच्या पोराचं दुखणं नेमकं तेच.

आपल्याकडे काय? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ रद्द केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायचा नाही, असं लिहिलंय. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर पुढच्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 'समलैंगिकता बरी करून देतो' म्हणणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट २००२ पासून या समाजासाठी उभे राहिले.

पण मुंबई-पुण्याच्या पुढे? तालुक्यात आजही 'लग्न लावून द्या, दोन्ही सुटेल' हाच सल्ला. दारूही सुटत नाही, ते दुसरंही 'सुटायची' गोष्ट नाही. वर एका मुलीचं आयुष्य फुकट जातं. तिची बातमी कोणीच छापत नाही.

वेगळी केंद्रं उद्याच काढा, असं मी म्हणत नाही. आहेत त्या केंद्रांनी तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ. पहिल्या मुलाखतीत 'बायको काय म्हणते?' ऐवजी 'घरी जवळचं कोण आहे?' असं विचारा. गटात कोणी टिंगल केली तर जागच्या जागी थांबवा. आणि गटात बोलता येत नसेल, तर समुपदेशकाशी एकट्याने बोलायची सोय ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

तो पोरगा आता महिन्यातून दोनदा एसटीने पुण्याला समुपदेशकाकडे जातो. मध्ये एकदा घसरला होता, परत गेला. गटातलं खोटं नाव मात्र आता सांगावं लागत नाही, एवढं म्हणाला.

ज्याला गरज असेल त्याच्यासाठी: व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. कॉमेंटमध्ये कोणी टिंगल केली तर उडवणार. कोणाला बोलायचं असेल तर इनबॉक्स उघडा आहे. नाव कुठेच येणार नाही.