मायक्रोफिल्मवरची जुनी वर्तमानपत्रे: दादांचे नाव कुठे शोधायचे?

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. असहकाराचा ठराव इथेच पक्का झाला आणि जिनांनी त्याला उघड विरोध केला. त्याच दिवसांत डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या सदारतीखाली मुस्लिम लीगचे अधिवेशनही शहरात झाले. ‘आमचे दादा खिलाफतीच्या जलशाला होते,’ असे कितीतरी घरांतले बुजुर्ग सांगतात. पुरावा मात्र हाती नसतो. तो असलाच तर त्या वेळच्या वर्तमानपत्रांत. १९११ मध्ये गोखल्यांनी सुरू केलेले ‘हितवाद’ किंवा गोपाळराव ओगल्यांचे ‘महाराष्ट्र’ ही तेव्हाची नागपूरची पत्रे.

वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असते. तो पिवळा पडतो, मग हात लावताच तुटतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तर हे आणखी लवकर होते. म्हणून विसाव्या शतकात ग्रंथालयांनी पाने ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर बारीक करून उतरवली. दिल्लीच्या तीनमूर्ती भवनातील नेहरू स्मारक ग्रंथालयात (२०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय) अशा रिळांचा मोठा साठा आहे. पण रीळ बघायला तिथे जायचे, यंत्रापुढे बसायचे आणि पान-पान सरकवायचे. कामठीच्या विणकराच्या नातवाला हे कसे परवडणार?

फिल्मही अमर नाही. ॲसिटेटची जुनी फिल्म खराब होऊ लागली की सिरक्यासारखा वास येतो. अशी रिळे आधी स्कॅन करावी लागतात.

स्कॅनिंग त्यातल्या त्यात सोपे. प्रतिमा निव्वळ काळ्या-पांढऱ्यात न घेता करड्या छटांत घेतात, नाहीतर फिकट अक्षरे उडतात. फिल्म काढतानाच शिवणीकडचा मजकूर अंधुक झाला असेल तर स्कॅनरही काही करू शकत नाही. म्हणून मूळ कागद शिल्लक असेल तर तोच स्कॅन केलेला बरा. खरी मेहनत पुढे आहे. प्रत्येक अंकाला तारीख आणि पानाला क्रमांक लावला नाही, तर हजारो चित्रांचा नुसता ढीग होतो. छापील देवनागरी संगणक बऱ्यापैकी वाचतो. जुनी उर्दू पत्रे मात्र कातिबांनी हाताने लिहून शिळाछापावर काढलेली. ती नस्तालीक वाचताना संगणक पुष्कळ चुका करतो, तिथे माणूसच लागतो.

मोफत वाचण्यासाठी ‘साउथ एशिया ओपन अर्काइव्ह्ज’चा संग्रह जेस्टोर या संकेतस्थळावर आहे. उर्दू पुस्तके आणि रिसाल्यांसाठी ‘रेख्ता’ आहेच. कायद्याचे म्हणाल तर आपल्याकडे निनावी लेखनाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. नाव दिलेल्या लेखाची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे.

शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. ‘नागपुर’ आणि ‘नागपूर’ दोन्ही टाका. उर्दू पत्रांवर हिजरी तारीखही असायची. त्या अधिवेशनाच्या बातम्या रबीउस्सानी १३३९ च्या अंकांत पाहा.