तळटीप १४ : ‘स्वीपस्टेक्स कॅसिनो’

१४. अमेरिकेतील ऑनलाइन खेळांचा एक प्रकार. यात दोन तऱ्हांचे कॉइन असतात. ‘गोल्ड कॉइन’ पैसे देऊन घ्यायचे, पण ते केवळ खेळण्यापुरते. त्यांच्यासोबत ‘स्वीप्स कॉइन’ फुकट मिळतात, आणि त्यांवरची जिंकलेली रक्कम रोख घेता येते. अमेरिकेत जुगाराचे नियमन मुख्यतः राज्यांच्या हाती आहे. मोबदला, नशीब आणि बक्षीस ही तिन्ही अंगे एकत्र आली तर बहुतेक राज्यांत तो जुगार ठरतो. स्वीप्स कॉइन टपालाने अर्ज करूनही विनामूल्य मिळतात, म्हणून मोबदला नाहीच, असे कंपन्या म्हणतात. हा युक्तिवाद फार तकलादू आहे. खेळणारा गोल्ड कॉइन विकत घेतो ते बहुधा सोबतच्या स्वीप्स कॉइनसाठीच. पैसे मात्र खरेच जातात. २०२५मध्ये मोंटाना, कनेक्टिकट, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी बंदीचे कायदे केले. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२६पासून लागू झाला. प्रस्तुत प्रसंग कॅलिफोर्नियातला, २०२३चा आहे. तेव्हा तिथे अशा खेळांना नाव घेऊन मनाई करणारा कायदा नव्हता. मित्राचे ‘सगळं कायदेशीर आहे’ हे वाक्य त्या संदर्भात वाचावे.